लाल शेंग आन लेंड्यांची होडी

आईच्यान सांगते, तुळजापूरच्या आईच्यान, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माझ्या जिभंवर चिलापी माशाचे काटे उगवू द्या, आन त्या काट्यांनिशी मला शिळी कडक भाकर चावाय लागू द्या. तुमी आदीच तोंड वाकडं करायलाव, दिसायलंय मला. करा. पर ऐका.

आमचं घर तेरच्या धरनाच्या कडंला. पानी उतरलं की दारात चिखल, पानी चढलं की दारात बेडकं. माझा नातू रणधीर आन त्याची बायकू सोनाली, दोगं मिळून जाळं टाकायची. एकानं वल्हं मारायचं, एकानं जाळं सोडायचं. सांजंला सोडायचं, दिस उगवता उचलायचं. एका बैलानं औत चालत न्हाय, तसंच हे. सोनालीचं म्हायेर उजनीच्या कडंचं. चालाय शिकायच्या आदी ती जाळं सोडाय शिकली, म्हनून फुडं, जाळ्यावर, कायम ती.

आन बसायचं कशावर, तर थर्माकोलच्या तराफ्यावर. खताच्या पोत्यात थर्माकोल कोंबायचं, पोती मोडक्या बाजंला खालून बांधायची, झाली नाव. थू. त्या पोत्यात उंदरीन बाळंत झाली. तिनं थर्माकोल कुरतडून कुरतडून पार भगर केली. ती भगर पान्यावर, जाळ्यात, माशाच्या पोटात. मासा चिरला की काळं आतडं आन आतडीत पांढरी भगर. माशांनी बी एकादस धरली व्हती म्हना. त्या दिसापासून मला उपासाला भगर जात न्हाय, घास तोंडाशी नेला की आतडंच दिसतंय.

मागल्या उनाळ्यात भर पान्यात बाज मोडली. रणधीरला पवता येतंय, पर पाय जाळ्यात गुतलेला. सोनालीनं त्याला केसाला धरून कडंला वढलं. वर आली, तराफ्याला एक लाथ घातली आन म्हनली, "आता होडी बगा. उंदराच्या बाळंतपनावर म्या बसनार न्हाय."

होडी कुठनं आनायची, ह्या इचारात आमी असताना आला कल्याणप्पा.

कल्याणप्पाचं हॉटेल आमच्या वाटंवरच, पान्याला लागून. बाभळीखाली खाटा टाकल्यात, झोपाळा टांगलाय, थापीचं थालीपीट आन हुरडा. धाराशिवची, लातूरची मानसं मोटारीनं येत्यात, शेरडाच्या गळ्यात हात घालून फोटू काढत्यात. कल्याणप्पा कपाळाला इभूत लावनारा, गळ्यात लिंग, मासा सपनात आला तर उठून अंगूळ करंल असा मानूस. आन सोनाली रोज त्याच्या दारावरून जायची, डोक्यावर पाटी, पाटीतनं माशाचं पानी गळायलंय, तिकडं पाव्हनं थालीपिटाला लोनी लावायल्यात.

त्यो आला त्योच नाकाला उपरनं लावून.

"आज्जी," म्हनला, "तुमाला होडी पायजे म्हनं. माझ्याकडं दोन हायत. बोटिंग बंद केलंय म्या. पाव्हनं चिखलात पडत्यात आन शिव्या मला देत्यात. दोनातली एक न्या. पैसा नगं."

"फुकट तर इक बी कुनी देत न्हाय, आप्पा. तुमाला काय पायजे?"

"माशाची पाटी माझ्या दारावरून न्यायची न्हाय, बास. होडीत घाला, पान्यापान्यानं पलीकडं सडकंला उतरा, तिथनं रिक्षा धरा. तुमच्या वासानं गिऱ्हाईक उठून जायलंय माझं."

"आन तुमच्या अत्तराच्या वासानं आमची मरळ आंधळी झाली, त्याचं?"

"तुमच्या तोंडाला कोन लागंल, आज्जी. उद्या या आन एक घिऊन जावा. ऱ्हायल्याली सोलापूरचा मानूस न्यायलाय."

दुसऱ्या दिशी गेलाव तिगं बी. एक व्हती कयाक. नाव बी कसं, गिळताना काटा अडकल्यावानी. लाल, चकचकीत, पिलास्टिकची, भुईमुगाच्या शेंगंवानी लांबुडकी. मदी एक खळगा, त्यात एकाच मानसाचं बूड बसावं. वास कसा, तर नव्या चपलंच्या दुकानावानी. दुसरी व्हती रुंद, बसकी होडी. हिरवी, म्हंजे कवातरी हिरवी आसंल. हॉटेलाचा राखनदार तिच्यात शेरडं कोंडायचा. लेंड्याचा हाऽ थर, त्याच्यावर कुजकं पानी, पान्यात वळवळ. आन फुडच्या फळीवर, जरा कोरडं व्हतं तिथं, भागवतची कोंबडी अंड्यावर बसल्याली. भागवत आमचा शेजारी. त्याची कोंबडी त्याच्या घरी कवाच अंडं घालत न्हाय, मालकाची नियत तिला ठावं हाय.

रणधीरनं शेंगंवरनं असा हात फिरवला, लगीन झालं तवा बायकूवरनं बी फिरवला नसंल.

"हीच न्यायची. मोबाईलवर बगितलंय म्या. भाईर देशात समदे हिच्यातच मासं धरत्यात. खांद्यावर टाकावं आन चालाय लागावं. एकटा मानूस सुळकन जातोय."

"आन दुसरा मानूस?" सोनालीनं इचारलं.

"दुसरा कशाला लागतोय हिच्यात?"

"मग म्या कुठं बसू?"

"कडंला बस की. मासं निवड, चीर, खवलं काढ. बाईमानसाला कडंच बरी. तेवढाच इसावा तुला."

सोनाली हसली. तसलं हासू म्या एकदाच बगितलंय, इंगळी चावायच्या आदी नांगी वर करती तवा.

"आवं, इसावा कुनी मागितलाय? जो पान्यावर जातोय त्योच बाजारात भाव बोलतोय. आज आपुन दोगं बोलताव. उद्या म्या कडंला बसून आतडी काढली की म्या तुमची गडीन झाले. मला माझी जागा पायजे. त्या हिरवीत हाय, ह्या शेंगंत न्हाय."

"त्या लेंड्याच्या डबड्यात? मानसं हासतील."

"मानसं तराफ्याला बी हासायची. तवा उंदराच्या मांडीला मांडी लावून बसलाव की."

मला ऱ्हावलं न्हाय. म्या म्हनलं, "रणध्या, तुझा आजा आन म्या गुळाच्या काहिलीत बसून जाळं टाकायचो. काहील गोल, गरागरा फिरायची. बसताना तोंड तेरकडं आसलं तर जाळं सोडूस्तवर तुळजापूरकडं. बुडाला गुळाची खरपुडी चिकटल्याली. मासं ती चाटाय यायचं आन गोड व्हऊन जायचं, कालवनात मीठ दुप्पट घालाय लागायचं. पर दोगं बसायचो. आन नवी नाव पान्यात घालायची तर पयलं पाऊल घरच्या बाईचं. नारळ मागनं. पाऊल पडल्यावर नाव पान्यावर नीट बसली तर ती लाभली. कलंडली तर माघारी द्यायची. ही आपल्या घरची रीत हाय."

"आज्जे, तुझी काहील तुझ्यापशी ठेव," म्हनला त्यो, आन शेंग उचलून खांद्यावर टाकली. उकिरड्यावरल्या कोंबड्यावानी मान ताठ करून चालला. मला तर शिसारी आली. आपल्याच नातवाची शिसारी यावी, ह्याच्यासारखी घान चव न्हाय जिभंला.

घरी आनली, पालथी घातली, तर बुडाला भोकं. आरपार. इकडनं डोळा लावला की तिकडचा भागवत दिसायचा. भागवत बी आलाच व्हता, फुकटचं बगायला.

"फाटकी दिली की आप्पानं," भागवत म्हनला. "थांब, माझ्याकडं डांबर हाय. सडकंचं काम चाललं तवा आनून ठिवलंय."

दोगांनी गोनपाटाच्या चिंध्या कोंबल्या, वरनं उकळतं डांबर वतलं, हातानं थापटलं. मागनं कल्याणप्पानं सांगितलं की ती भोकं करनाऱ्यानीच ठिवल्याती, वर आल्यालं पानी खाली जावं म्हनून. आता मला सांगा, नावंला भोक ठिवनाऱ्याच्या अकलंला काय म्हनावं? आमच्या सात पिढ्या भोक दिसलं की बुजवत आल्यात. भागवतनं तेच केलं. बुजवलं बी असं की पान्याचा थेंब खाली जाऊ ने.

सांजंला शेंग पान्यावर नेली. म्या म्हनलं, "पाऊल."

सोनाली फुडं झाली. रणधीरला ठावं, हिनं पाय ठिवला की शेंग कलंडनार आन रीतीपरमानं माघारी द्यावी लागनार. त्यानं काय करावं? सोनालीनं पाऊल टाकाय काढल्याली एक चप्पल उचलली आन खळग्यात ठिवली.

"घ्या. बाईचं पाऊल पडलं. झाली रीत."

समद्या कडंसमोर. बायकूच्या पायाच्या जागी चप्पल. म्या थुकले, नेमकी भागवतच्या पायावर, आन पुसली बी न्हाय. सोनाली एका पायात चप्पल, एक पाय चिखलात, तशीच घरी गेली. रणधीरनं एकट्यानं जाळं सोडलं, ती चप्पल तशीच फुडं ठिवून.

दिस उगवता त्यो जाळं उचलाय गेला. म्या कडंला, भागवत कडंला, सोनाली पार लांब दगडावर, आमच्याकडं पाठ करून.

आता जाळं वढायचं म्हंजे वल्हं ठिवायचं. वल्हं ठिवलं की शेंग वाऱ्याबरूबर तोंड फिरवायची. त्यानं दातात जाळं धरलं, हातानं वल्हं मारलं. जाळ्याचं पानी खळग्यात. पान्यासंगं शेवाळ, शेवाळासंगं चिलाप्या, चिलाप्यासंगं त्यांचा चिकाट आन रगत. आन खाली जायला भोक न्हाय. खळगा भरत चालला. रणधीर बसलाय माशाच्या गारगार कालवनात, कंबरंपतूर. एक मांगूर त्याच्या मांडीखाली शिरला. काळा, बुळबुळीत, मिशावाला मांगूर. त्यो नको तिथं मिशा लावायलाय आन हा वर उचलावं तर शेंग डुलतीया. भागवत तर वाकून ओकला.

आन तवाच जाळ्यात कटला आला. घागरीएवढं डोकं. सांगितलं न्हवं, आईच्यान सांगते. त्यानं एक हिसका दिला. खळग्यातलं समदं पानी एका अंगाला पळालं, त्याच्यामागं रणधीर, आन शेंग झाली पालथी. वर नुसतं लाल बूड आन त्याच्यावर भागवतचं काळं डांबर. चप्पल तरंगत एकीकडं गेली. रणधीर नाक वर काढायचा आन लगीच खाली जायचा. पाय पुन्यांदा जाळ्यात.

"सोनाले," म्या वरडले, पर ती कवाच उठली व्हती.

ती कल्याणप्पाच्या हॉटेलात घुसली. झोपाळ्यावर एक पाव्हनी बसल्याली, तिला म्हनली, "उटा," आन तिच्या बुडाखालची फळी वढून घेतली. होडीपशी गेली. कल्याणप्पा मागनं, "आगं, एकच दिली म्या, ती सोलापूरच्या—"

"आप्पा, मानूस बुडायलाय. ढकला."

कल्याणप्पानं ढकलली. पांढरं धोतर, हात कोपरापतूर लेंड्यात. होडी निघाली. आन फुडच्या फळीवर भागवतची कोंबडी. ती काय अंडी सोडून उठंना. सोनाली मागं, झोपाळ्याच्या फळीनं पानी कापायलीय, आन फुडं कोंबडी मान ताठ करून बसल्याली, मामलेदारानं पानी पाह्यला यावं तशी.

सोनालीनं त्याला केसालाच धरला. आता त्याची केसं तिला पाठच झाल्याती. कंबरंची इळी काढून पायाचं जाळं कापलं, आन त्याला पोत्यावानी होडीत पालथा केला, त्या लेंड्यात. आंगभर चिकाट, कानात शेवाळ, तोंडात काय व्हतं ते म्या सांगत न्हाय, तुमी जेवायचं असाल. होडी तसूभर डुलली न्हाय. त्यानं मान वर केली तर कोंबडीनं कपाळावर टोच मारली. अंड्याच्या वाटंला आलता ना.

कडंला आल्यावर कल्याणप्पा लांबनंच म्हनला, "ती माघारी द्या. तुमची ती लाल."

सोनालीला धाप लागल्याली, तरी बोलली. "लाल तुमाला देताव, आप्पा. तिच्यात पाटी मावत न्हाय. तिच्यावर ऱ्हायलो तर पाटी पलीकडं न्यायची कशी? तुमच्याच दारावरनं. रोज. पाव्हनं जेवाय बसायच्या टायमाला. आन आज तर हे बी घेऊन चालले," असं म्हनून रणधीरकडं हात केला. खरंच, पाटीपरीस त्याचाच वास जास्त यायलता.

कल्याणप्पानं उपरनं नाकाला लावाय घेतलं, तर हातच लेंड्याचा. "न्या," म्हनला. "हिरवी न्या, कोंबडी बी न्या."

"कोंबडी माझी हाय," भागवत म्हनला. तेवढं बरं ध्यानात व्हतं त्याच्या.

डांबराची शेंग सोलापूरच्या मानसानं नेली न्हाय. आता ती कल्याणप्पाच्या आंगनात हाय. शेरडं तिच्यात पानी पित्यात. थेंब गळत न्हाय, भागवतच्या हाताला गुन हाय.

सांजंला होडी घासली, लेंड्या काढल्या. कोंबडी अंड्यासकट पाटीत घालून भागवतच्या दारात ठिवली. होडी पान्यात घातली. रणधीर मान खाली घालून सोनालीसमोर आला आन समद्यांदेखत म्हनला, "सोनाली, माझं चुकलं. फुडं तुझी जागा. तू बस, मग म्या बसतो." तिनं ऱ्हायल्याली एक चप्पल बी काढली, धरनात फेकली, आन अनवानी पाऊल फळीवर ठिवलं. होडी बसली पान्यावर, बाजंवर मानूस बसावं तशी.

झालं. हीच गोष्ट.

काय बगायलाव? कटल्याचं डोकं घागरीएवढं व्हतं. बरं, कळशीएवढं धरा. पर एक सांगते, आईची आन घेतलीया म्हनून. रणधीर ते बोलला न्हाय. माझं चुकलं, तू बस, ते म्या घातलं. त्यो नुसता आला, गळ्यातला टावेल काढला, फुडची फळी घासून घासून पुसली, लेंडीचा कन ठिवला न्हाय, आन काय न बोलता मागं जाऊन वल्हं धरून बसला. ती किती येळ उभी ऱ्हायली, वाट बगत. मग बसली.

कोंबडी मातर खरी हाय.