निरोप नाही म्हणजे ठीक

एक खोटा कॉल मध्येच कोसळला आणि पडद्यावरचे सगळे कॉल एकदम मेले.

रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाच्या नव्या प्रणालीची ती चाचणी होती. कॉल खोटे असले, तरी प्रणाली लिहिणाऱ्या सावधानरावांना फुटलेला घाम खरा होता. हे नाव त्यांना ऑफिसने दिलेलं. कुलूप लावून, ओढून बघून, जिना उतरून पुन्हा वर येत ओढून बघण्याबद्दल.

"काका, हे काय केलंत?" एर्लँग ही संगणकाची भाषा शिकवायला आलेल्या मॅडमनी विचारलं. "प्रत्येक कॉल ही वेगळी प्रोसेस. आपापली जगते, आपापली मरते. तुम्ही सगळ्या एकमेकींना लिंक करून ठेवल्यात! एक गेली की तिच्यामागे सगळ्या."

"म्हटलं, कुणी एकटं पडू नये."

"माया घरी करा. इथे नुसता मॉनिटर लावा, लांबून लक्ष ठेवणारा. एखादी मेली की सिस्टिम निरोप देते. निरोप नाही म्हणजे ठीक."

सावधानरावांच्या घरी नेमकं उलट होतं. बायको मध्यंतरी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली, तेव्हापासून जेवण झालं की ती मिस्ड कॉल देई. तो आला म्हणजे ठीक. आज आला नव्हता, आणि इकडून लावला तर ती उचलत नव्हती.

त्यांनी लिंक काढून मॉनिटर लावले. पुन्हा एक कॉल मेला. बाकीचे बोलत राहिले, निरोपही आला. टाळ्या पडल्या तेव्हा सावधानराव रस्त्यावर पोचले होते.

बायकोने दार उघडलं. "डोळा लागला होता हो. धावत आलात?"

"छे! लिफ्ट बंद आहे."

मागे लिफ्टचं दार उघडलं आणि शेजारचे मास्तर बाहेर आले. भिंतीतल्या ओलीवरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत अबोला होता. मास्तर न बघता आत गेले.

चहा घेताना सावधानराव म्हणाले, "उद्यापासून मिस्ड कॉल नको. नवी पद्धत शिकलोय. काही झालं तरच कळवायचं."

"आणि मी पडले तर कळवणार कोण? मीच?"

सावधानरावांनी कप खाली ठेवला. भाषेत निरोप देणारी सिस्टिम आयती मिळते. घरात ती शोधावी लागणार होती.

त्यांनी कपाटातून जादा किल्ली काढली. बाहेर पडल्यावर दार ओढून बघितलं नाही.

मास्तरांनी दार उघडलं. सवयीने आधी भिंतीकडे बघितलं. "पुन्हा ओल?"

"नाही," सावधानराव म्हणाले, आणि त्यांनी मूठ उघडली.