अश्विनदादाच्या मागून

आष्टीच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत रोज सकाळी इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचला जाई, आणि तो वाचायचा मान अश्विनचा. पेपर आदल्या दिवशीचा असे, पण त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. अश्विन एक वाक्य वाची आणि सतरंजीवरची पोरं एका सुरात त्याच्यामागून म्हणत. आजूबाजूला इंग्रजी बोलणारं कुणीच नसल्यामुळे ही भाषा त्यानं कानांनी नव्हे, डोळ्यांनीच कमावली होती. अक्षरं दिसतील तसा उच्चार. कर्नलला तो ‘कोलोनेल’ म्हणे, आणि रिसीटच्या स्पेलिंगमधला मुका ‘प’ त्यानं कधी वाया जाऊ दिला नाही. त्याच्या खणखणीत आवाजात ते इतकं खरं वाटे, की चुकत असेल तर तो कर्नलच चुकत असेल.

तानाबाईची मयुरी याच सतरंजीवर शिकली आणि वर्ध्याला एम.ए.ला गेली. पहिल्याच सेमिनारमध्ये तिनं इंग्रजीत तोंड उघडलं आणि वर्ग खो खो हसला. तिथं नालवाडीतल्या भाड्याच्या खोलीवर येऊन ती पोटभर रडली. मग मोबाइल कानाशी धरून तिनं एकेक शब्द नव्यानं घोटला. गावी आल्यावर मात्र अश्विनदादाजवळ अवाक्षर काढलं नाही. ज्यानं शिकवलं, त्यालाच कोणत्या तोंडानं शिकवायचं?

या सुटीत ती घरी आली तेव्हा कळलं, की अश्विन पुन्हा सरकारी नोकरीची लेखी परीक्षा पास झालाय आणि बुधवारी नागपूरला इंग्रजीतून मुलाखत आहे. यापुढे वय बसणार नसल्यानं ही शेवटचीच संधी. गेल्या वर्षीही तो मुलाखतीतच पडला होता. आपला अभ्यास कमी पडला असं समजून बिचाऱ्यानं तेव्हापासून आणखी जाडजूड पुस्तकं उशाशी घेतली होती. ते ऐकून मयुरीनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

“तुले हासले तं तू रडून मोकळी झाली,” पोळी लाटता लाटता तानाबाई म्हणाली. “त्याले हासले तं त्याची नोकरी जाईन. आता तरी सांग.”

संध्याकाळी पोरं पांगल्यावर अश्विन सतरंज्या झटकत होता. मयुरीनं दुसरं टोक धरलं आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. तिला आठवत होते तेवढे शब्दही सांगितले. सतरंजीची घडी पुरी झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “तुले कवापासून मालूम हाय?”

“वर्ध्याले गेली तवापासून.”

“म्हंजे माह्या मागच्या मुलाखतीच्या पयले.”

“तुमी मले शिकवलं, दादा. कसं सांगू?”

“शिकवलं म्हणूनच तं सांगाले पायजे होतं,” तो म्हणाला, आणि कुलूप लावून घरी गेला. तो ओरडला असता तर तिला परवडलं असतं. आपण ज्याला आदर समजत होतो त्यापायी त्या माणसाची एक नोकरी गेली, हे तिला आता कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

सकाळी तो येतो की नाही, या धास्तीनंच ती विहारात गेली. अश्विन आलेला होता. त्यानं पेपर तिच्या हातात दिला आणि जाऊन थेट मागच्या रांगेत पोरांमध्ये मांडी घातली. मयुरीनं पहिलं वाक्य वाचलं, स्वच्छ, जसं हवं तसं.

कुणीच मागून म्हटलं नाही. सगळी पोरं मागं वळून अश्विनकडे बघत बसली.

त्यानं घसा साफ केला. मयुरीसारखंच म्हणायला गेला, एका शब्दावर अडखळला, थांबला, आणि तो शब्द पुन्हा नीट म्हणून त्यानं वाक्य पुरं केलं. तशी सगळी सतरंजी एका सुरात त्याच्यामागून म्हणाली. तो जिथं अडखळला होता तिथं अडखळून, थांबून, पुन्हा नीट.