धक्क्यावरची चौकी वर चढली

मी नदीच्या धक्क्यावरची चौकी. आता धक्क्यावर नाही, पण नाव चिकटलंय ते चिकटलंय. माझ्याविषयी लोक बरंच सांगतात, त्यातलं निम्मं ऐकीव. म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म साधाच. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी चौकट, वर कौलं. दोन खोल्या आणि नदीकडे उघडणारी तिकीटखिडकी. पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायचं तर नाव, आणि नाव हवी तर माझ्यासमोर रांग. रांगेत माणूस खरा कळतो. ज्याला काही घाई नसते तो पुढे घुसतो, आणि दवाखान्यात निघालेला मागे गुपचूप उभा राहतो.

शेवटच्या तिकीटबाबूंची मुलगी शाळा सुटली की माझ्या फरशीवर पालथी पडून गणितं सोडवायची. तीच पुढे मुख्याध्यापिका झाली, आणि निवृत्तीनंतर शहराच्या वारसा समितीची अध्यक्ष. सगळे तिला बाई म्हणतात. मीही म्हणते.

पूल झाला, नावा थांबल्या, मला कुलूप लागलं. जुन्या वास्तूंच्या यादीत माझं नाव चढलं, म्हणजे मला पाडायला बंदी आणि हलवायचं तर समितीची परवानगी. कुलपाला मात्र वर्षानुवर्षं कोणी तेलाचा थेंब घातला नाही.

मग एक अर्ज आला. टेकडीवरच्या हॉटेलच्या मालकाला मला उचलून आपल्या बागेत न्यायचं होतं. माणूस वाईट नव्हता. माझी पडझड बघून त्याला खरंच वाईट वाटलं होतं. समितीने सुनावणी माझ्याच पोटात भरवली. दोन बाकं, एक टेबल, आणि फाईल उडू नये म्हणून तिच्यावर कौलाचा तुकडा.

नियम असा की वास्तू जागेवर वाचत असेल तर हलवायची नाही. हलवलीच, तर नव्या जागी ती कोण होती हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. बाईंनी मालकाला विचारलं, बागेतून नदी दिसेल का? तो म्हणाला, नाही, पण आत नदीची मोठी छायाचित्रं लावू. समितीतले वकील खोकले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फाईलवर लिहिलं, ‘अर्ज नामंजूर. वास्तू जागेवरच राहील.’

मी सुटकेचा निःश्वास सोडणार, एवढ्यात समितीची इंजिनिअर उठली. बाईंच्या लेकीच्या वयाची, पण भिडस्त नव्हती. तिने माझ्या जोत्याच्या भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. खालची माती वाहून गेली होती. बाई म्हणाल्या, भिंत बांधू, दगड टाकू, काय लागेल ते करू. आवाज जरा चढलाच.

शेवटी त्यांनी दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या नावाड्याला विचारलं. मनात असणार, हा तरी आपल्या बाजूने बोलेल. सगळा जन्म त्याने माझ्या सावलीत काढला होता.

“काका, तुम्ही सांगा. हिला इथून हलवायचं का?”

नावाडी उठला, दारातून पाण्याकडे बोट केलं. त्याच्या तरुणपणी जिथे नाव बांधायचा खुंट होता, तिथे आता दोन पुरुष पाणी होतं. काठ दरवर्षी आत येतोय, म्हणाला, भिंत बांधाल तर भिंतीसकट जाईल.

“बाई, नाव फुटायला लागली की आम्ही तिला काठावर ओढून घेतो. पाण्यात ठेवत नाही आणि डोंगरावरही नेत नाही.”

मग बाई चपला घालून त्याच्याबरोबर निघाल्या. बाजारातून उतरणारा रस्ता जिथे वळतो, तिथे शंभर पावलांवर पक्की खडकाळ जागा होती. दोघं तिथे उभी राहून नदीकडे बघत होती. परत आल्यावर बाईंनी इंजिनिअरला विचारलं, “फरशी नेता येईल?”

“एकेक दगड नंबर टाकून नेऊ. पाया मात्र इथेच राहील, बाई. तो आता निघायचा नाही.”

बाईंनी फाईलवरची ‘वास्तू जागेवरच राहील’ ही आपल्याच हातची दुसरी ओळ खोडली. पहिली तशीच ठेवली.

मला उतरवलं तेव्हा मी घाबरले नव्हते असं सांगणार नाही. एका पावसात गवंड्याचे नंबर धुऊन गेले आणि दोन दगडांची अदलाबदल झाली. उजव्या कोपऱ्यात अजून बोचतं. पण उभी राहिले, नदीकडे तोंड करून. दुसऱ्या वर्षी जुना धक्का एका दुपारी पाण्यात गेला. आज एका खोलीत पाण्याची पातळी नोंदवतात, पुराचा इशारा इथूनच जातो. दुसऱ्या खोलीत समिती बसते.

तिथे येणाऱ्या माझ्या जुन्या भावंडांच्या फायली मी ऐकते, म्हणून एवढंच मागणं. आम्हाला हलवायचंच झालं तर खुशाल हलवा, आम्ही काचेचे नाही. फक्त सही करण्याआधी तिथवर चालत जा, आणि त्या मातीत ज्याचे पाय मळलेत त्याला विचारा.

बाई दर बैठकीला येतात, पण खिडकीकडे पाठ करून बसायच्या. काल त्यांनी खुर्ची फिरवली. मी जिथे होते तिथल्या पाण्याकडे चांगलं निरखून पाहिलं, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, “हं, घ्या पुढची फाईल.”