बारा मिनिटांचा दुष्टपणा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नोंदवहीत सात रकाने आहेत. सातव्याच्या डोक्यावर 'कारण' असं छापलेलं आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर वाटून खातात त्या मेजावरून एखाद्याचं नाव काढलं, तर ते का काढलं हे तिथं लिहायचं. एकाच शब्दात, आणि तोही पवित्र शास्त्रातला. माणसानं नेमकं काय केलं ते लिहायचं नाही. त्याची अब्रू राहावी म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेला नियम आहे.

वही वीस वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून सगळे मला सेक्रेटरीबाई म्हणतात. माझं खरं नाव नवऱ्यालाही आठवावं लागतं. या वीस वर्षांत त्या रकान्यात दारूबाजी चार वेळा आली, व्यभिचार एकदा, कलह सात वेळा, आणि त्या सातांतले सहा गायकवृंदातले. दुष्टपणा एकदाच. अकरा वर्षांपूर्वी, घड्याळजींच्या नावापुढे, माझ्याच अक्षरात.

घड्याळजींचं दुकान म्हणजे दोन गिऱ्हाइकं आत गेली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं एवढं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांची वेळ नीट करत बसणारा माणूस. अकरा वर्षांत एकही रविवार चुकवलेला नाही. येतात, शेवटच्या बाकावर बसतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी भोजनाआधीचं गीत सुरू झालं की उठतात आणि बाजूच्या दारानं बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसतात. मेजावरून काढलेल्यानं त्याच दारानं जायचं, हाही नियम. त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, पुढच्या बाकावर एकट्या भाकर घेतात.

गेल्या आठवड्यात घड्याळजींचा अर्ज आला. वहिनींचं सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर 'बघू' म्हणाले आहेत. त्याआधी एकदा दोघांनी शेजारी बसून भोजन घ्यावं अशी तिची इच्छा आहे, तरी मंडळीनं परवानगी द्यावी. खाली ताजा कलम: 'खोटेपणा केला, हे उभं राहून कबूल करीन. दुष्टपणा हा शब्द म्हणणार नाही.'

इथंच घोडं अडलं. परत यायचं तर मंडळीसमोर उभं राहून सातव्या रकान्यातला शब्द जसाच्या तसा कबूल करावा लागतो. दुसरा चालत नाही.

शनिवारी चार वाजता समिती बसली. मतं दोनच, मंडळीच्या दोन वडिलांची, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या ज्येष्ठ कारभाऱ्यांची. एक हेडबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण शाळेला अजून ते पटलेलं नाही. दुसरे औषधवाले काका, चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुण, इथं येऊन दोन वर्षं झालेले, त्यांना मत नाही. मला तर लिहिण्यापुरताच हात आहे.

"मुळात यांनी केलं काय होतं?" पाळकांनी पहिलाच प्रश्न विचारला.

हेडबाई पंख्याकडे बघू लागल्या. औषधवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"तसं विचारायची आपल्यात पद्धत नाही," हेडबाई म्हणाल्या. "शब्द आहे ना? शब्दावर चर्चा करू." आणि त्यांनी पिशवीतून शास्त्राची शब्दसूची काढली. उशीएवढी. "दुष्ट, दुष्टपणा, दुष्टाई. पानंच्या पानं आहेत. सुरुवातीपासून घेऊ या."

घेतलं. साडेचारपर्यंत आम्ही जलप्रलयाच्या आधीच होतो, माणसाच्या मनातली प्रत्येक कल्पना वाईट निघाली म्हणून देवाला वाईट वाटलं, तिथं.

"स्तोत्रांमधला दुष्ट वेगळा," पाळक म्हणाले. "तो अंथरुणात पडल्या पडल्या कपट शिजवतो. गरिबाला धरायला दबा धरून बसतो."

"घड्याळजी बसतात खरे दिवसभर," औषधवाले म्हणाले, "पण दबा धरून म्हणता यायचं नाही. पाठदुखीची गोळी माझ्याकडूनच नेतात."

"विनोद नको काका. आता प्रेषिताच्या पत्रातली यादी." हेडबाई वाचू लागल्या. लोभ, हेवा, खून, कपट. चहाडखोर, बढाईखोर, आईबापांचं न ऐकणारे. मला सवय वाईट. मी मनातल्या मनात प्रत्येकापुढे नावं टाकत गेले. बढाईखोर, हेडबाईंचे यजमान. आईबापांचं न ऐकणारे, सबंध तरुण संघ. निंदक आला तेव्हा मी नावं टाकणं थांबवलं.

"खून आणि चहाडी एका दमात येतात, लक्षात आलं का?" पाळक पुढे सरसावले. "म्हणजे दुष्टपणा हे एखादं भयंकर कृत्य असेलच असं नाही. आतून नासणं आहे ते. आणि नासलेल्या मनाची खूण अशी की त्याला स्वतःचा वास येत नाही. म्हणून तर विचारतोय, यांनी केलं काय?"

"पाळक," औषधवाले म्हणाले, "प्रवचन उद्या आहे."

साडेपाच वाजले. 'अनीती आणि दुष्टपणा यांत फरक काय' यावर अर्धा तास गेला. तिकडे वहिनींच्या छातीत जे काही अडकलंय ते अडकलेलंच, आणि आम्ही इथं पान उलटतोय. वीस वर्षं मी या खोलीत गप्प बसून लिहिलंय. आवाज फुटला तेव्हा माझा मलाच परका वाटला.

"घड्याळ," मी म्हणाले.

"सेक्रेटरीबाई!" हेडबाई.

"घड्याळ, पाळकसाहेब. बारा मिनिटं."

मग सांगून टाकलं. जुने पाळक फार चांगले होते, पण एकदा व्यासपीठावर चढले की उतरायचं विसरायचे. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे बघून थांबायचे, पण नेहमी वीस मिनिटं उशिरा. औषधवाल्यांचं दुकान उघडायचं असे, हेडबाईंचे गुडघे धरायचे, माझ्या घरी सासूबाई जेवायला खोळंबायच्या, बाजा वाजवणारा तर पेटीवर डोकं टेकून घोरायचा. घड्याळाला चावी घड्याळजी द्यायचे. एका रविवारी अंगणात औषधवाले म्हणाले, "घड्याळजी, तुमच्या हातात सगळं आहे हो." आम्ही हसलो. पुढच्या रविवारपासून घड्याळ बारा मिनिटं पुढे. सोमवारी परत जागेवर. पाचजणांना ठाऊक, पाचजण खूश. सत्तर रविवार चाललं हे. मी तेव्हाच हिशेब केला होता, चौदा तास प्रवचन कमी ऐकलं आम्ही.

"आणि कळलं कसं?"

मी हेडबाईंकडे बघितलं. त्यांनी पंख्यालाच सांगितलं, "पाळकांच्या सेवेला पंचवीस वर्षं झाली. आम्ही त्यांना भेट दिली."

"काय दिलं?"

"मनगटी घड्याळ."

पाळकांनी तोंडावर हात धरला. त्यांचे खांदे हलले. मला राग आला नाही. त्या सभेत आम्ही पाचहीजण होतो आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"हसण्यासारखं नव्हतं पण," मी म्हणाले. "म्हातारा माणूस रडला हो. म्हणाला, देवाच्या वचनातून चोरलंत. मग विचारलं, घड्याळाला हात कुणी लावला? घड्याळजी म्हणाले, मी. तेवढंच विचारलं होतं, त्यांनी तेवढंच सांगितलं. आम्ही चौघं खाली बघत होतो. मग रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न आला. 'कपट' लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कसलं कपट, कुणाबरोबर. तेव्हा काका म्हणाले, दुष्टपणा लिहा. मोठा शब्द आहे, त्यात सगळं बसतं, पुढे कुणी विचारत नाही. आणि मी लिहिलं."

पाळकांचं हसू कधीच गेलं होतं.

"म्हणजे प्रेषितानं आपल्यातल्या दुष्टाला बाहेर काढा म्हटलं ते बापाच्या बायकोबरोबर राहणाऱ्याबद्दल," ते हळू म्हणाले, "आणि तुम्ही ते…"

"मी फक्त 'तुमच्या हातात आहे' म्हटलं होतं," औषधवाले उसळले. "ती स्तुती होती!"

"मी काहीच म्हटलं नव्हतं," हेडबाई म्हणाल्या. "गुडघ्यांना बरं वाटतं, एवढंच."

"मग आज नोंद दुरुस्त करा. उद्या त्यांना मेजावर बसवू."

"नोंद खोडता येत नाही, खाली जोडता येते," हेडबाईंचा आवाज खाली आला. "आणि जोडायची तर आम्हा सगळ्यांचं नाव येईल. नाव आलं की आम्हीही मेजावरून खाली. मेजाशी वडील नसला तर भोजनच होत नाही. उद्या साठ माणसं येतील, त्यांनी काय करायचं?"

"बरोब्बर!" औषधवाल्यांना जीव आला. "घाई नको. उपसमिती नेमू. पुढच्या महिन्यात अहवाल."

"ऑपरेशन परवा आहे," पाळक जवळजवळ ओरडले.

मतदान झालं. दोन्ही मतं पुढे ढकलण्याला, विरोधात कुणीच नाही. मी लिहिलं: तहकूब.

रविवारी वहिनी आल्या. जिना चढल्यासारख्या धापा टाकत, आमच्या प्रार्थनामंदिराला जिना नसताना. पुढच्या बाकावर बसल्या. मी वही घेऊन बाजूच्या दाराशी माझ्या खुर्चीवर. घड्याळजींना काढल्यापासून भिंतीवरच्या घड्याळाला कुणीही येता जाता चावी देतं. ते सात मिनिटं मागे होतं आणि घड्याळजी शेवटच्या बाकावरून त्याच्याकडे बघत होते, दात दुखत असल्यासारखे.

भोजनाआधीचं गीत सुरू झालं. घड्याळजी उठले. पुढे वहिनीही उठल्या. बाकांना धरत धरत साठ माणसांच्या देखत मागे आल्या आणि नवऱ्याच्या मागोमाग माझ्या दाराशी उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुम्ही कुठं?" मी कुजबुजले. "तुमचं नाव आहे मेजावर."

"काढा."

"कारण लिहावं लागतं हो."

"यांचं जे लिहिलंय तेच लिहा. अक्षर तुमचंच आहे, जमेल."

त्या गेल्या. मेजाशी औषधवाले भाकरीचं ताट धरून उभे, नजर ताटात. मी वही उघडली. वहिनींच्या नावापुढे काही लिहिलं नाही. अकरा वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि घड्याळजींच्या शब्दाखाली जोडलं: 'घड्याळ रविवारी बारा मिनिटं पुढे. पाच जणांच्या संमतीनं. त्यांतली मी एक.' सही केली. वही खुर्चीवर उघडीच ठेवली आणि त्याच दारानं बाहेर पडले.

दोघं पायऱ्यांवर बसले होते. मी एक पायरी सोडून बसले.

"तुम्ही का आलात?" घड्याळजींनी विचारलं.

"नोंद जोडली."

त्यांनी मान हलवली. शाबासकी नव्हती ती. "अकरा वर्षं लागली. एवढं मागे पडलेलं घड्याळ मी दुरुस्तीला घेत नाही."

"बस्स करा," वहिनी म्हणाल्या. "आल्यात ना."

दार करकरलं. हेडबाई होत्या, हातात वही. मला वाटलं, आता झाडणार. झाडलंच.

"ही काय नोंद? अर्धवट! पाच लिहायचे आणि सही एक? शाळेत असतं तर परत लिहायला लावलं असतं." पेन उघडलं, उभ्या उभ्याच वही भिंतीला टेकवली आणि माझ्याखाली सही ठोकली. मग गुडघे धरून हळूहळू आमच्यात बसल्या.

मला एकदम सुचलं. "हेडबाई, आजाऱ्याला घरी, दवाखान्यात भोजन देता येतं ना? पाळक आणि एक वडील गेले की झालं. वहिनी दुपारी दवाखान्यात दाखल होणार, संध्याकाळी तिथंच जाऊ. वहिनी आजारी आहेत, घड्याळजी शेजारी बसतील, नोंद तर आता दुरुस्त झालीच…"

"येतं," हेडबाई म्हणाल्या आणि वहीकडे बघत राहिल्या. "पण वडील हवा. मी आता सही केली. मी मेजावरून खाली."

आत गीत संपलं. मी वीस वर्षं सांभाळलेल्या त्या वहीचा मला इतका संताप आला की ती गटारात टाकावीशी वाटली. सगळ्या मंडळीत आता कागदावर धुतल्या तांदळासारखा वडील एकच उरला होता.

"काका," घड्याळजी म्हणाले. त्यांना हसू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं. "त्यांच्या हातून? मी नाही घेणार."

"मी घेईन," वहिनी म्हणाल्या.

"अगं, शब्द त्यांनी सुचवला होता."

"माहितीय मला. तेव्हाच कळलं होतं." त्या थोडं थांबल्या, श्वास गोळा करायला. "अकरा वर्षं दर महिन्याला ताट घेऊन माझ्यासमोर कोण वाकतंय? मी त्यांच्याच हातून घेतेय. दर वेळी त्यांचा हात थरथरतो. तुम्ही बाहेर असता, तुम्हाला कसं दिसणार?"

घड्याळजींनी मनगटावर बघितलं.

"पाच वाजता म्हणावं," ते शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले. "दवाखान्याच्या घड्याळात पाच. आणि सही करून यायची नाही म्हणावं, नाहीतर सगळंच बोंबलेल. सही नंतर."

मी उठले आणि काकांना गाठायला आत गेले.