कागदावरचे अठरा हजार

टाचणी पदराच्या निऱ्यांत अर्धी गेली आणि अडली. शाळेच्या गणवेशाची ती जांभळी साडी धुऊन धुऊन मऊ पडली होती, पण खांद्यापाशी रोज टोचून टोचून दोऱ्यांचा एक घट्ट गुंता झाला होता. राजेश्री अंगठ्यानं टाचणी रेटत होती, तेवढ्यात मागून आई म्हणाली,

"लिंबाजी शिंपी येणार हाय सांजच्याला. त्येच्या निकिताला बी.एड.ला घालायचं म्हणायलाय. नीट सांग त्येला."

"नीट म्हंजे?"

"म्हंजे हाय ते. तुझा पगार इचारला त्यानं. म्या सांगितलं, अठरा हजार."

सरजाबाई हे बोलून गेलीसुद्धा. तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीचे तांदूळ निवडायचे होते. राजेश्री तशीच उभी राहिली, अंगठ्यावर टाचणीच्या डोक्याचा गोल वळ घेऊन.

चारठाण्याहून जिंतूरला जाणाऱ्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. अठरा हजार — हे तसं खोटं नव्हतं. विनाअनुदानित खाजगी शाळा. कागदावर अठरा हजारांपुढे सही करायची आणि साडेसहा हजार मोजून घ्यायचे. पहिल्या महिन्यात घरी येऊन ती एवढंच म्हणाली होती, "आई, अठरा हजारांवर सही केली आज." पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं… पण आईनं चुलीवरचा तवा तसाच ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि शेजारच्या घराकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "अठरा!" त्या आवाजापुढे पुढचं वाक्य गिळलं गेलं. एक दिवस थांबून सांगू, असं तेव्हा वाटलं होतं. आणि एक दिवस सरला की गोष्ट सांगण्यासारखी राहत नाही — ती लपवल्यासारखी होते.

बी.एड.ची दोन वर्षं, परभणीतली खोली, फी, मेस — सगळं मिळून पावणेदोन लाखांचं कर्ज. आईला वाटतं, त्याचा हप्ता पगारातून जातो. हप्ता चाकणहून येतो. तिचा भाऊ योगीराज तिच्याहून तीन वर्षांनी लहान. आयटीआय अर्धवट सोडून तो तिथल्या एका कंपनीत रात्रपाळीला लागला. "ताई, तू नको टेन्शन घेऊ. पक्की नोकरी लागली की दे," हे तो इतक्या सहज म्हणाला होता, की पक्की नोकरी जणू पुढच्या स्टॉपवर उभीच होती. संस्थांमध्ये पक्क्या जागेसाठी जी रक्कम सांगतात, तिच्यात त्यांचं घर दोनदा बांधून झालं असतं. सरकारी भरतीची परीक्षा ती पास झाली होती. यादीची वाट बघत होती.

ती मनातल्या मनात नेहमीचा हिशेब मांडायला लागली. साडेसहातून बसचं भाडं वजा, घरात दिलेले वजा… मग तिला वाटलं, योगीराजचं जागरण कुठं मांडायचं? फोनवर जांभई दाबताना त्याचा आवाज मध्येच पोकळ होतो, ते कशातून वजा करायचं? — बस खड्ड्यात आदळली. शेजारची बाई म्हणाली, "मॅडम, धरून बसा."

संध्याकाळी लिंबाजी आला तो नवा सदरा घालून. लहानपणी तिला 'राजे' म्हणून हाक मारणारा हा माणूस, ती साडी नेसून शाळेत जायला लागल्यापासून तिला मॅडम म्हणायचा. निकिता त्याच्या मागं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. बी.ए.चं शेवटचं वर्ष. आईनं चहा आणला आणि रिकामा ट्रे छातीशी धरून दारात उभी राहिली — ऐकायला.

"मॅडम, रस्त्याकडचा पलाट हाय माझा. गिऱ्हाईक आलंय," लिंबाजी म्हणाला. "इकून टाकावं म्हणायलोय पोरीसाठी. तुमच्यावाणी तिलाबी अठरा मिळाले तर दोन-तीन वर्सात भरून निघंल. काय म्हणता?"

'घाला' म्हटलं असतं तर संपलं असतं. तो शब्द तिनं जिभेवर आणलाही. आईचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण तिकडून येणारी ऊब जाणवत होती. अन् प्लॉट… तो विकला की या माणसाकडे शिलाई मशीन तेवढं उरणार.

"साडेसहा," ती म्हणाली.

"काय?"

"हातात साडेसहा मिळतात, काका. अठरा कागदावर."

लिंबाजीनं कपाकडे बघितलं. त्याला आपल्या पोरीपेक्षा सरजाबाईचंच वाईट वाटत असावं, कारण तिच्याकडे बघायचं त्यानं कटाक्षानं टाळलं. मग आईनंच विचारलं, अगदी हळू —

"मग हप्ता कोण भरायलंय?"

"योगीराज."

आईनं ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. पिठाच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

लिंबाजी घाईनं उठला. "बरं झालं सांगितलं मॅडम, लय बरं झालं," म्हणत तो रस्त्याला लागलासुद्धा. निकिता मागं रेंगाळली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि राजेश्रीला तो रास्त वाटला. स्वतः शिकून घेऊन हिनं आपलं दार लावलं, असंच त्या पोरीला वाटणार.

"एक इचारू?" निकिता म्हणाली. "शिकवायला आवडतं का पण तुमाला?"

"लय," राजेश्री म्हणाली.

विचार न करता. दिवसभर तोलून बोलणाऱ्या तिच्या तोंडून तो एकच शब्द न तोलता निसटला. निकितानं बोटाची ओढणी सोडली आणि ती वडिलांच्या मागं पळाली.

राजेश्री उंबऱ्यात राहिली. लय… खरंच होतं ते. परवा तिसरीतल्या एका मुलीला हातच्याची वजाबाकी कळली, तेव्हा ती बाकावर उभी राहून ओरडली होती, आणि राजेश्रीला हसू आवरेना. योगीराजला फोनवर तिनं काय सांगितलं? पाय दुखतात. मुख्याध्यापक बोलतात. बस मिळत नाही. नेहमी तेवढंच. तो जागतो तर आपणही सोसतो आहोत, असं त्याला — की स्वतःला — दाखवत राहिलो… अठरा हजारांचं खोटं आज संपलं. त्याच्या खालून हे दुसरं निघालं. योगीराजच्या मोडलेल्या झोपेवर मी सुखात आहे. हे कबूल करताना तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण लाजेच्या मधोमध ती मुलगी अजून बाकावर उभी होती आणि राजेश्रीला तिला खाली बसवावंसं वाटत नव्हतं.