वारा कापणाऱ्या टोपीची चूक

मी एक जुनी टोपी आहे. हसू नका मित्रांनो! डोक्यावर घालायची नव्हे, पिकअप गाडीच्या टपावर बसवायची. पत्र्याची, पुढून उतरती आणि मागे उंच. शिकलेली माणसं मला विंड डिफ्लेक्टर म्हणतात. खर्ड्यात मात्र मी टोपीच होते. सध्या राहात्याला स्नेहलच्या गोठ्यामागे भिंतीला टेकून उभी आहे. अंगावर गंज चढलाय. त्याचं मला काही वाटत नाही. पण एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे, ती आज तुम्हाला सांगून टाकते.

खर्ड्याच्या गोरक्षकडे एक पिकअप होती आणि तिच्यामागे जोडायला एक भलीमोठी ट्रॉली. चार गाई उभ्या राहतील एवढी, वर छप्पर, पुढे आणि दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. गावोगावच्या गाई पोचवायचा त्याचा धंदा. ट्रॉली पिकअपपेक्षा चांगली हातभर उंच, त्यामुळे रस्त्याला लागलं की सगळा वारा तिच्या कपाळावर आदळायचा. पिकअप बिचारी रडतखडत ओढायची. ढाब्यावर बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "लिटरला किती देती रं तुजी?" गोरक्ष मान खाली घालून सांगायचा, "सात." मग सगळे दात काढायचे.

शेवटी तो सहादेव मिस्त्रींकडे गेला. मिस्त्री मोठा नादिष्ट माणूस. त्यांनी मला ठोकून आकार दिला, टपावर बसवलं आणि ट्रॉलीच्या कपाळावर ओळीनं चिंध्या चिकटवल्या. गोरक्षला गाडी पळवायला लावून स्वतः मोटरसायकलवर बाजूनं निघाले. चिंध्या फडफडल्या की परत यायचे, मला काढायचे, पुन्हा ठोकायचे. पाचव्या खेपेला चिंध्या निवांत पडून राहिल्या. वारा माझ्यावरून चढून थेट ट्रॉलीच्या छपरावरून निघून गेला होता.

"जमलं बग," मिस्त्री म्हणाले. "पन एक ध्यानात ठिव गोरक्षा. मागं मुकं जनावर हाय. जाळ्या उघड्या ऱ्हाऊ दे. तेवढ्यातनं वारं आत गेलं पायजे."

गोरक्षनं "व्हय व्हय" म्हटलं. ऐकलं मीही होतं.

पुढच्याच खेपेला गाडीनं नऊ दिले! ढाब्यावर ड्रायव्हर मला हात लावून बघू लागले. कुणी मोबाईलवर माझे फोटो काढले. खरं सांगते मित्रांनो, मी फार शेफारले. गोरक्षही शेफारला. त्याला नवाचे दहा करायचे वेध लागले. जाळ्यांतून वारा आत शिरून ट्रॉलीला धरून ठेवतो, असं कुणीतरी त्याला सांगितलं. झालं! त्यानं रेक्झिन आणलं आणि पुढच्या नि बाजूंच्या खिडक्या घट्ट बंद करून टाकल्या. थंडीचे दिवस होते, गाईंना काही जाणवलं नसेल. गाडी दहा देऊ लागली. थंडी सरली, उन्हाळा आला, पण ते रेक्झिन काही कुणी काढलं नाही.

एप्रिलमध्ये गावातल्या मालनबाईंची गाय हरणी आमच्या ट्रॉलीत आली. हरणी तीन दिवसांची असताना तिची आई गेली, तेव्हा मालनबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. ती त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देत नसे. आता मालनबाईंचे गुडघे धरले होते, धारेला बसवत नव्हतं. परक्याला विकायला मन होईना, म्हणून हरणीला राहात्याला लेकीकडे, स्नेहलकडे पोचवायचं ठरलं. तिला तिथं लळा लागेपर्यंत महिनाभर स्वतः राहायचं म्हणून त्याही निघाल्या.

"हरनीला म्होरं बांध," त्या गोरक्षला म्हणाल्या. "माज्याजवळ ऱ्हाईल."

हरणी पुढे बांधली. मागे राहात्यालाच जाणाऱ्या, एका व्यापाऱ्याच्या तीन गाई चढल्या. त्या यायला उशीर झाला आणि निघायलाच दहा वाजले. मालनबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. त्यांच्या पाठीमागे काच होती, पण काचेतून दिसत होतं ते नुसतं काळं रेक्झिन.

नगर ओलांडलं तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मी मात्र खुशीत! वारा काय सुरेख कापत होते. मागून दोनदा खूर आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, चाललंय काहीतरी गाईंचं.

राहुरीला मालनबाई म्हणाल्या, "आरं गोरक्षा, वाईच थांब. हरनीला पानी दाखवते."

"आता कुटं मावशे? आज धाच्या वर जातीय गाडी. पोचलोच की आपन."

दुसऱ्याची गाडी, मालनबाई किती म्हणून सांगणार?

राहात्याला स्नेहल पाण्याची बादली आणि कुंकवाची कोयरी घेऊन दारातच उभी होती. गोरक्षनं मागचा फाळका उघडला. फाळक्याच्या फटींतून मिळालेल्या वाऱ्यावर तग धरलेल्या त्या तीन गाई धापा टाकत, लाळ गाळत उतरल्या. हरणी उतरली नाही. ती पुढच्या कोपऱ्यात पडली होती, बंद खिडकीला नाक लावून. डॉक्टर आले. त्यांनी तिला हात लावला आणि मान हलवली.

मालनबाई तिच्याजवळ बसून राहिल्या. "तोंड माज्याकडंच केलं व्हतं गं तिनं," त्या स्नेहलला म्हणाल्या. "अन् मी काचेपलीकडं बसलेली."

"मावशे, माजं चुकलं," गोरक्ष रडत म्हणाला. त्यांनी हरणीच्या गळ्यातलं दावं सोडलं.

संध्याकाळी हरणीला पुरल्यावर मालनबाई घरी परत निघाल्या. गोरक्षनं पुढचं दार उघडलं. त्या मात्र गुडघे धरत धरत ट्रॉलीत चढल्या आणि हरणीच्या जागेवर जाऊन बसल्या.

"मावशे, म्होरं ये ना गं."

"न्हाई. तिला कसं वाटलं आसंल, बगू दे मला. लाव फाळका."

गोरक्ष फाळक्याला हात लावून तसाच उभा राहिला. मग त्यानं सगळं रेक्झिन फाडून काढलं. पाना आणला आणि माझे चारही बोल्ट सोडले. मला तिथंच टाकून गाडी गेली.

मित्रांनो, मला गंजू दिलं म्हणून मी तक्रार करत नाही. कुणाला न्यायची असेल तर मला जरूर न्या, वारा मी अजूनही छान कापते. फक्त आधी एवढं करा. आपल्या ट्रॉलीत स्वतः चढा, भर दुपारी, दारं-खिडक्या लावून घ्या आणि थोडा वेळ बसून बघा.