अर्धा रेडा

रुईझूने कासरा ओढला, शेपटी पिरगाळली, शिव्याही घालून पाहिल्या. पण रेडा चिखलात बसला तो उठेना. अर्धं वावर अजून नांगरायचं होतं. कालव्याचं पाणी उद्या संध्याकाळी बंद होणार होतं, आणि त्याआधी भाताची लावणी झाली नाही तर वर्षभर खायचं काय, हा प्रश्न होता.

खालच्या वावराचा मालक थान योंगमाओ चिलीम ओढत बांधावर आला.

"मारलास वाटतं माझा रेडा?"

"तुझा अर्धाच," रुईझू म्हणाली. "काल रात्री काय घातलंस त्याला?"

"पेंढा."

"नुसता पेंढा? परवा खताची गाडी ओढायला जुंपलास तेव्हा सोयाबीनची पेंड बरी घातलीस!"

"तेव्हा पाळी माझी होती. सकाळी तू जुंपणार, अन् पेंड मी घालू?"

गेल्या हिवाळ्यात सामाईक शेतीचं सरकारी कम्यून मोडलं आणि जमीन घरोघर वाटली गेली. घरं बारा आणि जनावरं सहाच, म्हणून दोन घरांत एक रेडा. चिठ्ठ्या टाकल्या, तर रुईझू, म्हणजे डिंगांची विधवा सून, आणि थान एकत्र आले. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असलेली दोन घरं एका रेड्यावर, म्हणून सारं गाव पोट धरून हसलं. खोटं कशाला बोला, पाळी संपायच्या रात्री रुईझूही नुसता पेंढाच टाकायची. दुसऱ्याच्या नांगरासाठी आपलं धान्य का घालवा, एवढा साधा हिशोब दोघांनाही येत होता. रेड्याला तो कुणी सांगितला नव्हता.

"तुम्हा डिंगांना राबवून घ्यायची सवयच आहे," थान म्हणाला. "बादशहाच्या काळात माझा आजा तुमच्या दारावरून मान खाली घालून जायचा."

"आणि क्रांतीनंतर तुझ्या बापाने माझ्या सासऱ्याला जमीनदार म्हणून भर सभेत गुडघ्यावर बसवलं. दोन दात पाडले त्यांचे. झालं की नाही समाधान?"

"नाही झालं."

तो चिखलात उतरला. रेड्याच्या नाकपुडीपाशी त्याने हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग हात पँटला पुसला.

"गेला."

रुईझूने जू सोडलं आणि नांगराचा दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. दोन पावलं ओढलं तेवढ्यात मागे नांगर आडवा पडला. तिने जाऊन तो उभा केला, पुन्हा दोर घेतला, पुन्हा तो पडला. तिसऱ्यांदा तीच तोंडघशी पडली. बांधावर परतलेला थान मोठ्याने हसला.

"जमीनदारीणबाई, नांगर धरायला गडी ठेवा एखादा!"

तिने तोंडावरचा चिखल पुसला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुझं किती राहिलंय?"

"सगळंच."

"मग हस."

थानचं हसू विरलं. त्याने चिलीम दगडावर झाडली. वरच्या वावरांतून इतरांचे रेडे हाकल्याचे आवाज येत होते. त्यांच्यातही एक जनावर दोघांत, पण ते जनावर तरी होतं. या दोघांना आता कुणी आपला रेडा देणार नव्हतं, कारण पाणी सगळ्यांचंच बंद होणार होतं.

तो परत खाली उतरला आणि तिच्या हातातून दोर हिसकावून घेतला.

"आज मी ओढतो. उद्या माझ्या वावरात तू."

"चालेल."

"अन् उगाच गोड बोलू नकोस."

"कोण बोलतंय?"

त्याने दोर छातीवरून घेतला आणि पुढे वाकला. रुईझूने नांगराची मूठ धरली. नांगर सरकू लागला, माती उलटू लागली. डिंगांच्या वावरात एक थान वाकून चालला होता, आणि मागे डिंगांची सून होती. हे वरच्या वावरांतल्या माणसांनी पाहिलं असणारच, कारण तिकडचे आवाज थांबले होते. थानच्या मानेवरची शीर फुगली.

उद्या हाच दोर आपल्या खांद्यावर येणार, हे रुईझूला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने मुठीवर भार टाकला आणि फाळ आणखी बोटभर खाली दाबला.